बुजरा बॅरिस्टर

शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादा मुलगा भाषण पाठ करून येतो. व्यासपीठावर चढतो आणि समोरची गर्दी पाहताच सारे विसरतो. घसा कोरडा पडतो, पाय लटपटतात. पुढे ज्यांचे बोलणे ऐकायला लाखो माणसे जमत, त्या महात्मा गांधींवरही असा प्रसंग आला होता. आणि तो काही एकदाच आला नव्हता.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते फार लाजाळू होते. घंटेच्या वेळी शाळेत हजर व्हायचे आणि शाळा सुटताच धावत घर गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. वाटेत कोणी बोलेल, आपली थट्टा करील, याची त्यांना धास्ती वाटे. १८८८ साली बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी ते विलायतेला निघाले, तेव्हा राजकोटच्या त्यांच्या शाळेत निरोपाचा समारंभ झाला. आभाराची चार वाक्ये त्यांनी लिहून नेली होती. तीदेखील त्यांना धड वाचता आली नाहीत. डोके गरगरू लागले, अंग कापू लागले.

बोटीवर तर त्यांची आणखीच पंचाईत झाली. इंग्रजीत बोलण्याची सवय नव्हती. जेवणाच्या दालनात जाऊन नोकरांना काही विचारायचे म्हणजे संकटच! घरून नेलेली मिठाई आणि फळे खात ते बहुतेक वेळ आपल्या खोलीतच बसून राहिले.

लंडनमध्ये ते शाकाहारी मंडळाचे सभासद झाले. मंडळाच्या कार्यकारी समितीवरही त्यांची निवड झाली. ते प्रत्येक बैठकीला जात, पण तोंड उघडत नसत. एकदा समितीपुढे एक अवघड प्रश्न आला. एका डॉक्टर सभासदाची काही मते अध्यक्षांना पसंत नव्हती, म्हणून त्याला मंडळातून काढून टाकण्याचा विचार चालला होता. डॉक्टरची ती मते गांधीजींनाही मान्य नव्हती. तरीसुद्धा शाकाहाराशी ज्यांचा संबंध नाही, अशा मतांसाठी कोणाला काढणे त्यांना अन्यायाचे वाटले. गप्प बसणे बरे वाटेना आणि उठून बोलण्याची हिंमत होईना. शेवटी त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून नेले. तो कागद वाचण्याचेही त्यांना धैर्य झाले नाही. अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. डॉक्टरच्या बाजूचा पराभव झाला, पण गांधीजींचे मत सर्वांच्या कानांवर गेले.

व्हेंटनर या समुद्रकाठच्या गावीही असेच झाले. तेथील सभेसाठी लिहिलेले भाषण जेमतेम एका कागदाचे होते. गांधीजी उभे राहिले आणि त्यांना अक्षरे दिसेनाशी झाली. त्यांचे स्नेही त्र्यंबकराय मजमुदार यांनी ते भाषण वाचून दाखवले.

१८९१ च्या जून महिन्यात ते बॅरिस्टर झाले. निघण्यापूर्वी त्यांनी शाकाहारी मित्रांना लंडनच्या एका उपाहारगृहात मेजवानी दिली. या वेळी थोडे विनोदी भाषण करावे, असे त्यांनी ठरवले. जोसेफ ॲडिसन या नामवंत इंग्रज लेखकाची एक गोष्ट त्यांच्या वाचनात आली होती. ॲडिसन पार्लमेंटात पहिल्यांदा बोलायला उठला आणि तेच ते शब्द तीनदा म्हणून अडखळला. ही गोष्ट सांगून पाहुण्यांना हसवायचे, असा गांधीजींचा बेत होता. पण झाले भलतेच. पहिले वाक्य बोलून तेच अडखळले! पुढचे काही आठवेना. कसेबसे आभार मानून ते खाली बसले.

मुंबईत परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली. लघुवाद न्यायालयात पहिला खटला मिळाला. फी ३० रुपये. साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला ते उठले, तोच त्यांना भोवळ आल्यासारखे झाले. एकही प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवून ते न्यायालयातून निघून गेले. त्या वकिलाने ५१ रुपये घेऊन काम सहज उरकले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत गांधीजी न्यायालयात उभे राहिले नाहीत. तेव्हा या तरुण बॅरिस्टरकडे पाहून हा पुढे सरकारशी झुंजेल, असे कोणाला वाटले असते?

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे हिंदी माणसांची पावलोपावली मानहानी होत असे. गांधीजींजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते, तरी मॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवून देण्यात आले. पुढच्या प्रवासात मारही खावा लागला. अशा स्थितीत ते प्रिटोरियाला पोहोचले.

तेथील सर्व हिंदी लोकांची स्थिती समजून घ्यावी, असे त्यांना वाटले. शेठ हाजी मुहंमद हाजी जुसब यांच्या घरी सभा भरली. बहुतेक मेमन व्यापारी होते, थोडे हिंदूही होते. गांधीजींच्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण. विषय होता व्यापारातील सचोटी. धंद्यात खरेपणा चालत नाही, अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. गांधीजींनी ती खोडून काढली. जातपात, प्रांत आणि धर्म यांचे भेद विसरून आपली एक संघटना करावी, असेही त्यांनी सुचवले. या वेळी ते अडखळले नाहीत. विलायतेत आपण कसे दिसतो, लोक हसतील का, ही चिंता त्यांना असे. येथे ती चिंता करायला सवड कोठे होती? समोरच्या माणसांचे आणि त्यांचे दुःख एकच होते.

ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना ते शिकवण्याची तयारीही त्यांनी दाखवली. तीन विद्यार्थी मिळाले. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. न्हाव्याला गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरते इंग्रजी हवे होते. बोटीवर इंग्रजी बोलण्याच्या भीतीने लपून बसणारे गांधीजी आता या तिघांच्या घरी जाऊन शिकवू लागले.

म्हणजे भीती संपली का? छे! २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर सभा झाली. भाषण लिहून छापून घ्यावे, असा सल्ला सर फिरोजशहा मेहता यांनी आधीच दिला होता. सभागृह खच्चून भरले होते. गांधीजी कापत कापत वाचू लागले. मेहता मोठ्याने वाचायला सांगत, तसतसा त्यांचा आवाज अधिकच खाली जाई. केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण श्रोत्यांनी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा पुकारा केला. वाच्छांनी खणखणीत आवाजात भाषण वाचले आणि सभा शांतपणे ऐकू लागली. आवाज दुसऱ्याचा होता, पण आफ्रिकेतील बांधवांचे हाल मुंबईला कळले.

१९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हेच वाच्छा अध्यक्ष होते. प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे मिळत. गांधीजी ठरावावर बोलत असताना वाच्छांनी घंटा वाजवली. ती दोन मिनिटे उरल्याची सूचना होती. गांधीजींना ते माहीत नव्हते. ते दुखावले आणि लगेच खाली बसले.

यानंतर आली ११ सप्टेंबर १९०६ ची जोहान्सबर्गची सभा. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावे, असा कायदा ट्रान्सवालचे सरकार करणार होते. एम्पायर नाट्यगृह माणसांनी गच्च भरले होते. भाषण करता करता शेठ हाजी हबीब यांनी हा कायदा न पाळण्याची ईश्वराच्या नावाने शपथ घेतली. गांधीजी दचकले. शपथेचा विचार त्यांनी केलेला नव्हता. हातात लिहिलेला कागद नव्हता आणि दुसऱ्या कोणाला वाचायला सांगण्याची सोयही नव्हती. ते उठले. ईश्वराच्या नावाने घेतलेली शपथ म्हणजे काय, ती घेतल्यावर तुरुंग, मार, उपासमार, कदाचित मरणही कसे येईल, हे त्यांनी सविस्तर सांगितले. दुसऱ्याकडे पाहून कोणी हात वर करू नये, एकटे उरलो तरी शपथ पाळता येईल का ते ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारावे, असे त्यांनी बजावले. श्रोत्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग सर्वांनी उभे राहून, हात वर करून शपथ घेतली.

गांधीजींचा आवाज पुढेही कधी मोठा झाला नाही. ते हळू आणि मोजके बोलत. जुन्या लाजाळूपणामुळे आपल्याला शब्द जपून वापरायची सवय लागली, असे त्यांना वाटे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ते बोलले, तेव्हा सारा देश हलला.

उतारवयात दर सोमवारी ते मौन पाळत. काही सांगायचे असेल तर चिठ्ठीवर लिहून देत. २ जून १९४७ रोजी देशाच्या फाळणीसंबंधी ते व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना भेटायला गेले, तो दिवस सोमवार होता. गांधीजींनी वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूला आपले म्हणणे लिहून दिले. माउंटबॅटन यांनी ती पाकिटे जपून ठेवली.