सरनोबत नेताजी पालकर



शिवाजी महाराजांचे सरनोबत नेताजी पालकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. ते हिंदूचे मुसलमान झाले आणि पुन्हा हिंदू झाले. एवढे ऐकूनच कोणी खूष होतो, कोणी खट्टू होतो. आपण मात्र त्यांचे चरित्र शांतपणे पाहू या.

१६५७ मध्ये आपले कल्याण-भिवंडी स्वराज्यात आले व येथील खाडीत आरमाराची उभारणी सुरू झाली. पुढे याच आरमारात दौलतखान नावारूपाला आले. घोडदळात नेताजी गाजले. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी ते धावून गेले, तेव्हा त्यांच्या बरोबरीने सिद्दी हिलाल लढले. त्या लढाईत हिलाल यांचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला. हिंदू व मुसलमान एकाच निशाणाखाली रक्त सांडत होते, हे विसरू नका.

जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरील हल्ल्यात नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना दूर केले. ते प्रथम विजापूरकरांकडे व मग मोगलांकडे गेले. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाच्या हुकमाने नेताजींना कैद झाली. १६६७ मध्ये कैदेत असतानाच त्यांचे धर्मांतर झाले. महंमद कुलीखान असे नाव व मनसब देऊन त्यांना काबूलकडे पाठविण्यात आले.

येथे क्षणभर थांबा. धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी, ही कुरआनची शिकवण आहे. ईमान मनातून यावे लागते. बेड्यांच्या धाकाने वदवून घेतलेल्या शब्दांना ईमान कसे म्हणावे? ते बादशहाचे राजकारण होते. त्यापायी आपल्या मुलांनी इतिहासाच्या तासाला मान खाली घालण्याचे कारण नाही.

नऊ वर्षांनी नेताजी मोगली फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि संधी साधून रायगडावर पोहोचले. एकदा धर्म सुटला की परतीची वाट बंद, अशी त्या काळच्या हिंदू समाजाची रूढी होती. तरीही महाराजांनी जून १६७६ मध्ये त्यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेतले. सरनोबती मात्र परत मिळाली नाही. ती हंबीरराव मोहित्यांकडे होती.

पालकहो, आज संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. समाजाचे मन मात्र अजून तेवढे मोठे झालेले नाही. आपल्यात कोणी आला की मिठाई वाटायची आणि कोणी गेला की त्याच्या आईबापांशीही बोलणे टाकायचे, ही रीत दोन्ही समाजांत आहे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आपण एकाच जिन्याने चढतो-उतरतो. तेव्हा येणाऱ्याला त्याने मनापासून ठरविले आहे ना, एवढे विचारा. जाणाऱ्याच्या घरचा सलाम बंद करू नका. नेताजींच्या चरित्रातून मुलांना एवढे जरी उमगले, तरी इतिहासाचा तास सार्थकी लागला असे मी समजेन.