अंगी काय लागते, हे शोधणाऱ्या कमलाबाई

राजुरीत भल्या सकाळी दूध डेअरीला जाते आणि दुपारी भाकरीबरोबर कोरड्यास म्हणून हुलगा, मटकी, नाहीतर वाल असतो. या दूध-कडधान्यांवर संशोधन करण्यात उमेद घालवलेली एक मराठी बाई होऊन गेली, डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. जन्म १९११, इंदूरचा.

१९३३ साली मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, मुलगी! नकार देणारे साक्षात सर सी. व्ही. रामन. बाई हटून बसल्या. शेवटी एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर घेतले. अपमान गिळून त्यांनी दुधातल्या व डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम बघून रामन यांचे मत पालटले आणि पुढच्या मुलींना दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, तीही बटाट्यावरच्या कामातून. परदेशी न राहता त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईचे विज्ञान महाविद्यालय.

आता आपल्या कामाचे ऐका. वालात प्रथिने भरपूर. पण त्यातच असा एक पदार्थ असतो, की जो प्रथिने पचवणाऱ्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला अडवतो. मग खाल्लेले अंगी लागत नाही. हा पदार्थ बाईंनी सहकाऱ्यांसह स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ साली ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात ते छापून आले. म्हणजे तुमच्या बांधावरचा वाल तिथवर पोचला म्हणा ना! नीट शिजवले की हा पदार्थ बहुतांशी निकामी होतो. वाल रात्री भिजत घालून, मोड आणून, मऊ शिजवणारी आपली आजी अडाणी नव्हती.

लोहाचेही असेच आहे. कडधान्यात लोह असते, पण फायटेट त्याला धरून बसते. मोड आले की ती पकड ढिली होते. वर लिंबू पिळले तर लोह आणखी शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलटे होते. अंगणवाडीताईंनी आणि पोषण आहार बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उसळ नुसती पानात पडली की काम झाले, असे नाही.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून बाईंनी नीरेचा अभ्यास केला. ताडामाडाचा हा रस आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना व गरोदर बायांना स्वस्तात जीवनसत्त्वे आणि लोह देऊ शकेल, हा त्यामागचा विचार. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या प्रतीबाबत त्यांचा सल्ला होता.

उतारवयात त्या ग्राहक चळवळीत उतरल्या, भेसळीवर लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीला वैद्यकीय संशोधन परिषदेने सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.