विश्लेषण : बाबासाहेबांचे पाय रात्री का दुखत? मधुमेहात मज्जातंतूंचे काय होते?

भारताची राज्यघटना आकार घेत होती, त्याच काळात तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर रात्र-रात्र जागून काढत होते. कारण केवळ काम नव्हते. त्यांना मधुमेह होता आणि पायांतील वेदना झोपू देत नव्हत्या. डॉक्टर त्या दुखण्याला ‘न्यूरायटिस’ म्हणत. इन्सुलिन सुरू होते. मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार सुरू असतानाच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. त्याच पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या.

‘न्यूरायटिस’ म्हणजे काय?

शब्दशः अर्थ मज्जातंतूंना आलेली सूज. मधुमेहात मात्र सुजेपेक्षा झीज जास्त असते, म्हणून आता ‘न्यूरोपॅथी’ म्हणतात. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. इथे हा घोळ फारसा चुकीचा नाही, कारण मज्जातंतूंनाही रक्त लागते. ते केसाहून बारीक वाहिन्यांतून पोहोचते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि मज्जातंतूला प्राणवायू कमी पडतो. जादा साखर मज्जातंतूंवर थेटही घाव घालते, त्यामुळे सगळा दोष रक्तपुरवठ्याला देता येत नाही. कमरेपासून पावलापर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून त्रास बहुधा बोटांपासून सुरू होतो.

बाबासाहेबांच्या वेदनेमागे नेमके हेच होते, असे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. मज्जातंतूंतील बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडावर स्वीडनमधील फागरबर्ग यांचे महत्त्वाचे संशोधन आले ते १९५९ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

दुखणे थांबले की बरे झाले?

नाही, उलट धोका वाढलेला असू शकतो. आधी मुंग्या, आग, टोचल्यासारखे वाटते. नंतर पाय बधिर होतो. हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या, सोयाबीनच्या रानात अनवाणी चालणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या पायात काटा मोडला, तरी त्याला कळत नाही. रक्तपुरवठा कमी असेल तर जखम चिघळते. अशा रुग्णाने रोज तळपाय पाहावा आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. तंबाखू, विडी रक्तवाहिन्या आणखी आवळते.

दुखऱ्या पायांनी किती काम?

१९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीत होता आणि परभणी हैदराबाद राज्यात. मराठवाड्यातील दलित मुलांसाठी या महाविद्यालयाने उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९५४ नंतर प्रकृती अधिकच ढासळली, नजर अधू झाली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषदही गाठली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतील घरी सचिव नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. त्याही रात्री त्यांनी बुद्धावरील ग्रंथाची प्रस्तावना तपासण्यासाठी जवळ मागून घेतली. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे निधन झाल्याचे आढळले.