माधवरावांचे प्रायश्चित्त

सरकारी चाकरीत केस पांढरे झालेल्या आम्हां मंडळींस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांचे एका प्रसंगातील वर्तन अधिक जवळचे वाटते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये निमंत्रितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसताच बाजूस ठेविला. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे छापविली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. माधवराव मानमरातबाचे अधिकारी; बहिष्काराने त्यांचे फारसे बिघडणार नव्हते. बरोबरच्या सामान्य गृहस्थांचे मात्र हाल झाले. धर्मकृत्ये अडली, नातलग दुरावले. (चहापायी एवढे रामायण आज मुलांना खरे वाटणार नाही!)

१८९२ साली या स्नेह्यांच्या अडचणी पाहून माधवरावांनी त्यांच्यासमवेत प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी टीकेची झोड उठविली. रमाबाईंनाही ते रुचले नाही. आम्हांस मात्र यात दुर्बलता दिसत नाही. वरिष्ठाने स्वतःचा ताठा राखून हाताखालच्यांना एकटे पाडणे आम्ही कचेऱ्यांतून पुष्कळ पाहिले आहे. माधवरावांनी तो कमीपणा वाटून घेतला.

पुढे १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. विशीत त्यांच्यापाशी आलेले गोपाळ कृष्ण गोखले अखेरपर्यंत त्यांचे शिष्य राहिले.