आगगाडीस आवरणारा जॉर्ज वेस्टिंगहाऊस

आहुपे घाटाने कोकणात उतरताना डोईवरचे ओझे सावरणे किती कठीण, हे त्या वाटेने जाणाऱ्यांस ठाऊक आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी चालू झाली. तेथील उतार काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र. असा भार ओढण्याहून आवरणे अवघड. ही आवरण्याची विद्या ज्याने पालटली, तो जॉर्ज वेस्टिंगहाऊस होय.

त्याचा जन्म अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील सेंट्रल ब्रिज येथे ६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाला. वडिलांचा शेतकीच्या यंत्रांचा कारखाना होता आणि मुलाचे चित्त पुस्तकांपेक्षा तेथेच रमे. यादवी युद्धात त्याने लष्करात व पुढे आरमारात चाकरी केली.

त्या काळी इंजिनाची शिट्टी होताच डब्याडब्यावरील माणसे हाताने चाक फिरवून ब्रेक आवळीत. मालगाडीवर तर त्यांना छपरांवरून धावावे लागे. कित्येक खाली पडून मेले. आल्प्स पर्वतातील बोगदा दाबलेल्या हवेच्या बळावर खोदीत आहेत, हे वेस्टिंगहाऊसच्या वाचनात आले आणि तीच हवा त्याने ब्रेकास जुंपली. १८६९ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यास पेटंट मिळाले.

परंतु या पहिल्या रचनेत हवेचा सर्व साठा इंजिनावरील एकाच टाकीत असे. शेवटच्या डब्यापर्यंत हवा पोहोचण्यास वेळ लागे. मध्येच नळी तुटली, तर ब्रेकच नाहीसा होई. ज्या क्षणी ब्रेक हवा, नेमक्या त्याच क्षणी तो दगा देणार! १८७२ साली त्याने प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकी बसविली. झऱ्याची धार बारीक असली, तरी रात्रभर भरलेला रांजण सकाळी एका दमात पाणी देतो, तसेच हे. पंप हळूहळू हवा भरतो, टाकी ती तत्काळ देते. नळीत हवेचा दाब सदैव राखलेला असतो. चालकाने तो कमी केला की डब्याखालील झडप टाकीतील हवा ब्रेकाच्या नळकांड्यात सोडते. डबे सुटून नळी तुटली, तरी दाब उतरून ब्रेक आपोआप लागतात. माझ्या मते त्याची खरी बुद्धिमत्ता पहिल्या पेटंटात नसून या टाकीत व झडपेत आहे.

१८९३ साली अमेरिकेत कायद्यानेच असे ब्रेक आवश्यक ठरले. आपल्याकडे मात्र निर्वात ब्रेक दीर्घकाळ चालला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेच्या ब्रेकाने त्याची जागा घेतली.

आपल्या कामगारांस शनिवारी अर्धी सुट्टी देणारा हा मालक १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे वारला. यादवी युद्धातील शिपाई म्हणून त्यास आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.