ज्युरीपुढे टिळक

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी कायद्याची पदवी घेतली, पुण्यात कायद्याचे वर्गही चालवले. मात्र वकिलीचा व्यवसाय पत्करला नाही. त्यांनी आपला सर्वांत प्रदीर्घ युक्तिवाद केला तो आरोपी म्हणून, मुंबई उच्च न्यायालयात, नऊ जणांच्या ज्युरीपुढे.

ज्युरीचा अनुभव त्यांना आधीच होता. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ ज्युरीला सांगितला. सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली १८ महिन्यांची.

१९०८ मध्ये, मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा बचाव त्यांनी स्वतःकडे घेतला. न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील तेच! विशेष ज्युरीत सात युरोपियन व दोन पारशी होते.

खरी अडचण येथेच होती. लेख मराठी, ज्युरीची भिस्त सारी इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची कसून उलटतपासणी केली. मूळ शब्दाचा साधा अर्थ भाषांतरात भडक होतो, हे त्यांना दाखवायचे होते. पण ज्याला मराठीच येत नाही, त्याला मराठी शब्दाची छटा इंग्रजीतून कशी पटवायची? त्यांनी अँग्लो-इंडियन पत्रांतील मजकूर पुढे ठेवला आणि आपले लेख हे त्या टीकेला दिलेले उत्तर आहे, असे मांडले. लेखकाच्या हेतूचा निवाडा न्यायाधीशाने नव्हे, ज्युरीने करायचा असतो, हे त्यांनी इंग्लंडमधील जुन्या खटल्यांच्या आधारे सांगितले. हे भाषण अनेक दिवस मिळून २१ तास १० मिनिटे चालले. युक्तिवाद विद्वत्तापूर्ण होता यात शंका नाही. मात्र समोरच्या नऊ जणांना तो पेलवला असेल, असे वाटत नाही. टिळक त्यांच्यापेक्षा न्यायालयाबाहेरच्या वाचकांशीच अधिक बोलत असावेत.

२२ जुलैच्या रात्री, सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावर ते मोजकी वाक्ये बोलले: ज्युरीचा कौल काहीही असो, आपण निर्दोष आहोत आणि न्यायालयाहून वरिष्ठ अशी एक शक्ती आहे. तीच वाक्ये आज उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेली आहेत. सहा वर्षांच्या काळ्या पाण्याच्या शिक्षेवर ते मंडालेला गेले. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले.

१९१६ मध्ये बेळगाव व अहमदनगर येथील त्यांच्या स्वराज्यावरील मराठी भाषणांवर सरकारची नजर गेली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला. या वेळी ज्युरी नव्हती. उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींपुढे बॅरिस्टर जिनांनी युक्तिवाद केला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.