घर्षणाशी पंगा घेणारा मास्तर

पावसात भाईंदर स्टेशनचा जिना उतरताना तुमची चप्पल कधी सटकलीय? काळजाचा ठोका चुकतो, हात रेलिंगला जातो आणि मग आपण हळूच इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना! त्या एका सेकंदात घर्षण म्हणजे काय ते पुरतं कळतं. ते कमी पडलं की आपण आपटतो आणि जास्त झालं की सायकल जड जाते. म्हणजे सगळा खेळ कुठे वाढवायचं आणि कुठे कमी करायचं याचा. हा खेळ आयुष्यभर खेळलेल्या एका मराठी माणसाचं नाव तुम्ही तुमच्या सोसायटीच्या पंपावर वाचलं असेल. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

आज कंपनी म्हटलं की मोठे आकडे आठवतात. पण लक्ष्मणरावांची सुरुवात तुमच्या-आमच्यासारखीच, करिअरच्या गोंधळातून झाली. त्यांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अभ्यासात फारसा जीव रमत नव्हता, पण चित्रकला आणि यंत्रं यांचं वेड होतं. मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. तिथे दोनेक वर्षांनी कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा! चित्रकाराचं स्वप्न तिथेच संपलं. विचार करा, ॲडमिशन मिळालीय, घरच्यांना पटवून झालंय आणि आता हे.

पण यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाहीत. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंगवर लक्ष दिलं आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवायची नोकरी मिळवली. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. वर्गात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वर्कशॉपमध्ये यंत्रं समजून घ्यायची, असा मास्तरांचा दिनक्रम होता.

याच काळात मुंबईत त्यांना सायकल भेटली. तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले आणि १८८८च्या सुमारास दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. हे मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे.

सायकल म्हणजे घर्षणाचा चालताबोलता धडाच. चाकाच्या मधल्या भागात छर्रे असतात. तिथे धातूवर धातू घासण्याऐवजी गोळ्या घरंगळतात. घासण्यापेक्षा घरंगळणं कितीतरी सोपं, म्हणून तुमची एवढीशी ताकद तुम्हाला उत्तनपर्यंत नेते. पण टायर आणि रस्ता यांच्यात मात्र घर्षण हवंच. टायर रस्त्याला मागे ढकलतो, रस्ता टायरला पुढे ढकलतो. हे घर्षण गेलं तर चाक जागच्या जागी फिरत राहील आणि ब्रेक लावूनही उपयोग नाही.

इकडे नोकरीत जे व्हायला नको होतं ते झालं. लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं. हातात पक्की नोकरी नाही, भावाबरोबरचं छोटं दुकान तेवढं आहे. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

त्यांनी शेतकऱ्याकडे पाहिलं. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. त्यातलं विज्ञान साधं आहे : पात्याची धार जितकी बारीक, तितका त्याच जोरात दाब जास्त. मग १९०३ साली आला लोखंडी नांगर.

आता नांगराचं फिजिक्स बघा. जुना लाकडी नांगर माती उकरायचा, पण पलटायचा नाही. लोखंडी नांगराचा फाळ जमीन कापतो आणि त्याच्या वळणदार पंखावरून माती सरकत जाऊन उलटी पडते. माती जितकी सहज सरकेल तितका बैलांना ओढायला जोर कमी लागतो. पंख गंजला, खडबडीत झाला की माती त्याला चिकटते. मग लोखंडावर नाही, मातीवरच माती घासत राहते आणि बैलजोडीला दम लागतो. उलट वापरून वापरून पंख आरशासारखा चकाकला की नांगर हलका चालतो. आणि बैलांच्या खुरांखाली मात्र घर्षण भरपूर लागतं. चिखलात खूर घसरले तर नांगर जागचा हलत नाही. वर कमी, खाली जास्त. सायकलीचाच नियम!

नांगर चांगला होता, पण घेणारं कुणी नव्हतं. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल, असा समज होता. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली. हे घर्षण तेल घालून कमी होणारं नव्हतं. शेतात नांगर चालवून दाखवायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं.

जरा जम बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. म्हणजे पुन्हा शून्य. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १० हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. पुढे तिथे भुईमूग फोडायची यंत्रं, उसाचे चरक आणि १९२६पासून पंपही तयार होऊ लागले.

२६ सप्टेंबर १९५६ला लक्ष्मणराव गेले, तेव्हा त्या माळाचं नाव देशभर पोचलं होतं.

त्यांच्या आयुष्यात अडवणारं खूप काही होतं : डोळे, नोकरी, गिऱ्हाईक, जागा. पण अडथळा शून्य झाला की सगळं छान, असंही नसतं हे तुम्हाला आता माहीत आहे. बढती मिळाली असती तर कदाचित ते मास्तर म्हणूनच निवृत्त झाले असते.

आज कॉलेजवरून येताना रसाच्या गाडीवर थांबलात तर चरकाकडे जरा बघा. ऊस आत ओढला जातो तो लाटांच्या पकडीमुळे, म्हणजे घर्षणामुळेच. आणि त्या लाटा फिरतात त्या बेअरिंगमध्ये मात्र तेल घातलेलं असतं. घर्षण कुठे हवं आणि कुठे नको, याचं अख्खं उत्तर त्या एका गाडीवर आहे. परीक्षेत विचारलं तर हेच उदाहरण लिहा.